स्टडवाल्या टायरची हवा दर दोन राइडला जाते? पॅच मारण्याआधी भोक कुठे आहे ते बघा

तक्रार ठरलेली असते. हिवाळ्यात मोटरसायकल घेऊन ट्रेलवर, म्हणजे जंगलातल्या वाटेवर, जायचं म्हणून बटणाच्या (उंच ठोकळ्यांच्या) टायरला स्टड, म्हणजे बर्फ धरणारे धातूचे खिळे किंवा स्क्रू, मारले. पहिली राइड झकास झाली, बर्फावर गाडी रुळावरून जावी तशी धरून चालली. दुसऱ्या राइडच्या शेवटी मागचं चाक जरा लोळल्यासारखं वाटलं आणि सकाळी गॅरेजमध्ये बघितलं तर टायर बसलेला. ट्यूब काढली, पॅच मारला, परत घातली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग नवी ट्यूब आणली, तीही दोन राइड टिकली. शेवटी माणूस म्हणतो, स्टड म्हटले की पंक्चर आलंच.

तसं नाही. मी स्वतः एका हिवाळ्यात पाच ट्यूब घालवल्या आणि त्यानंतर आजपर्यंत स्टडमुळे एकही नाही. मधे काय बदललं ते सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला आमच्या मंडळातली नवीन मुलं दर डिसेंबरला विचारतात आणि दोन वाक्यांत सांगून तो सुटत नाही.

मी मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटजवळ. राइड करायला उत्तरेला जातो, बॉल्डविन, मायो, ग्रेलिंग या बाजूला. तिथल्या जंगलात फक्त मोटरसायकलसाठी राखलेल्या अरुंद वाटा आहेत. मिशिगन क्रॉस कंट्री सायकल ट्रेल त्यातूनच जाते. झाडं इतकी जवळ की लोक हँडलबारची टोकं कापून गाडी अरुंद करून घेतात. जमीन वाळूची. उन्हाळ्यात ती वाळू चाक गिळते, हिवाळ्यात तीच गोठून काँक्रीट होते. वर बर्फ, त्याखाली चाकोरीत साठून गोठलेलं पाणी, आणि जुन्या तोडीतले झाडांचे बुंधे बर्फाखाली लपलेले. हे सांगतोय अशासाठी की तळ्याच्या सपाट बर्फावर चालणारा टायर इथे चालतोच असं नाही, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ या फरकात असतं.

पहिली गोष्ट: ट्यूब घाईने बाहेर ओढू नका. चाक काढलं की व्हॉल्व जिथे आहे तिथे टायरच्या बाजूवर खडूने रेघ मारा. चाक कुठल्या बाजूला फिरतं त्याचा बाण काढा. ट्यूब अर्धी बाहेर आली की तिच्यावरही डावी बाजू आणि बाणाची दिशा लिहा. मग ट्यूबमध्ये हवा भरा, टायरमध्ये असताना असते त्याहून ती आकाराने थोडीच जास्त फुगेल एवढी, आणि पाण्याच्या टबात फिरवा. बुडबुडा दिसला की पुसून कोरडं करा, भोकाभोवती पेनने गोल करा आणि ट्यूब टायरच्या वर तशीच ठेवून बघा. घड्याळासारखं वाचायचं. व्हॉल्व म्हणजे बारा. भोक चारच्या जागी असेल तर टायरमधलाही चारचा भाग तपासायचा.

सगळ्यात महत्त्वाचं हे की भोक ट्यूबच्या कुठल्या अंगाला आहे. बाहेरच्या अंगाला म्हणजे बटणांकडे, आतल्या अंगाला म्हणजे रिमकडे, की व्हॉल्वच्या बुडाशी. पॅच मारून ट्यूब परत कोंबली की ही सगळी खूण पुसली जाते. मी पहिल्या तिन्ही वेळा तेच केलं.

भोक बटणांकडच्या अंगाला, सुईच्या टोकाएवढं

स्क्रूचे स्टड मारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं हेच असतं. स्क्रू आत आलाय.

बर्फासाठीचे स्क्रू म्हणजे षटकोनी डोक्याचे, डोक्यावर खाच असलेले छोटे कडक पोलादी स्क्रू. डोकं बाहेर राहतं आणि त्याच्या कडा बर्फ खातात, टोक रबरात जातं. लांबी अर्धा इंच, पाच अष्टमांश, पाऊण इंच अशी मिळते. म्हणजे साधारण १३, १६ आणि १९ मिमी. दुकानात सर्रास सांगतात, पुढे अर्धा आणि मागे पाऊण. नव्या कोऱ्या टायरला हे ठीक आहे. मागच्या नव्या टायरचं बटण १६-१७ मिमी उंच असतं, त्याखाली टायरचं बूड आणखी ५ मिमी. एकूण २१-२२. त्यात १९ चा स्क्रू गेला तरी टोकाखाली दोन-तीन मिमी रबर राहतं.

मी काय केलं होतं? स्टड मारायचेच आहेत तर नवा टायर कशाला, म्हणून उन्हाळ्यात झिजलेला टायर घेतला. त्याची मधली बटणं १० मिमी राहिली होती. बूड ५. एकूण १५, आणि स्क्रू १९ चा. सरळ हिशेबात ४ मिमी टोक आत. कडेची बटणं कमी झिजली होती, त्यामुळे कडेचे स्क्रू आत आलेच नव्हते. ट्यूबवरची तिन्ही भोकं बरोबर मधल्या पट्ट्यात होती. खडूने खुणा केल्या असत्या तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

डोळ्यांनी बघून हे टोक सापडेलच असं नाही. रबर स्क्रूला वर ढकलून पुन्हा मिटतं, आणि गाडीचं वजन आलं, बटण दबलं की टोक बाहेर डोकावतं. माझ्या गॅरेजमध्ये मी टायर उभा धरून आत टॉर्च मारली तेव्हा मला काहीच दिसलं नाही. मग कापसाचा मोठा बोळा घेतला आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवला. हातभर गेलो नसेन तोच तो अडकला. सोडवून पुढे गेलो, पुन्हा अडकला. एक फेरी पूर्ण झाली तेव्हा टायरच्या पोटात सोळा ठिकाणी पांढरे तंतू लटकत होते. टॉर्चच्या उजेडात ते तंतू बघितल्यावर मला पुढचं काही समजावून सांगायची कुणाला गरज राहिली नाही. जुने नायलॉनचे मोजेही चालतात. उघडा हात मात्र घालू नका, ती टोकं चामडी फाडतात.

उपाय मापाचा आहे. कॅलिपरच्या शेपटीने (खोली मोजायच्या दांडीने) बटणाची उंची मोजा, मधल्या बटणाची वेगळी आणि कडेच्या बटणाची वेगळी. बुडाची जाडी टायरच्या कडेवरून अंदाजू नका, ती तिथे वेगळीच असते. एक स्क्रू चाचणीसाठी पूर्ण मारा, हातमोजा घालून आतून बोटाने हलकेच दाबून बघा, टोकाचा उंचवटा लागतोय का. लागला तर एक माप छोटा स्क्रू घ्या. बटण आठ-नऊ मिमीच्या खाली गेलं असेल तर त्या टायरला स्टड मारूच नका. छोटा स्क्रू तिथे धरणार नाही आणि मोठा आत येणार.

आणखी एक बारीक गोष्ट. कडेची बटणं तिरकी असतात. ड्रिल सरळ खाली धरून सगळे स्क्रू मारले तर कडेचे स्क्रू बटणातून तिरके जाऊन टायरच्या बाजूच्या पातळ भागात निघतात. स्क्रू नेहमी बटणाच्या माथ्याला काटकोनात. त्यासाठी दर ओळीला चाक कलवून घ्यावं लागतं, कंटाळवाणं काम आहे, पण करा.

भोक बटणांकडेच, पण कडेला, आणि आजूबाजूचं रबर घासून निस्तेज झालेलं

हे मला चौथ्या आणि पाचव्या ट्यूबला झालं, आणि तेव्हा मी खरोखर चक्रावलो. कारण तोवर मी लायनर घातला होता.

लायनर म्हणजे आपल्याकडे पंक्चरवाला फाटलेल्या टायरला आतून गेटर मारतो ना, तसाच, फक्त पूर्ण चाकभर. जुन्या गुळगुळीत झालेल्या रस्त्याच्या टायरच्या दोन्ही कडा, म्हणजे तारा असलेला भाग, कापून टाकायचा आणि उरलेली रिंग स्टडवाल्या टायरच्या पोटात बसवायची. ट्यूब या रिंगवर बसते, स्क्रूचं टोक आलंच तर लायनरमध्ये रुततं. बर्फावर शर्यती करणारे तर मुद्दाम लांब स्क्रू बुडातून आरपार काढतात, म्हणजे ते घट्ट धरतात, आणि लायनरच्या भरवशावर चालवतात.

माझा लायनर चांगला जाड होता. चूक ही की मी तो सुरीने कापला आणि तसाच घातला. कापलेली कड म्हणजे चार-पाच मिमीची उभी पायरी. कमी हवेवर टायर प्रत्येक फेरीला दबतो आणि ट्यूब त्या पायरीवर पुढे-मागे सरकते. शंभर किलोमीटरमध्ये हजारो वेळा. ट्यूबवर कडेने एक निस्तेज पट्टा उमटला होता, सँडपेपर मारल्यासारखा, आणि त्या पट्ट्यात एके ठिकाणी ती झिजून फुटली होती. टोचल्याचं भोक गोल आणि स्वच्छ असतं. घासल्याचं भोक पातळ झालेल्या रबराच्या मधोमध येतं. हा फरक एकदा बोटाने अनुभवला की पुन्हा विसरत नाही.

लायनरच्या दोन्ही कडा ग्राइंडरने किंवा सँडिंग डिस्कने घासून शून्यावर आणायच्या. कडेपासून साधारण दोन-अडीच सेंटिमीटरपासून उतार सुरू व्हावा आणि शेवटी कागदासारखी पातळ धार यावी. डोळे मिटून बोट फिरवा. लायनर कुठे संपला हे बोटाला कळता कामा नये. हे काम बाहेर अंगणात करा, मास्क लावून, रबराची धूळ भयंकर असते. नंतर लायनर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. एक कणही आत राहिला तर तोच पुढचं भोक पाडतो.

रुंदीही जपा. लायनर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पोचावा, म्हणजे कडेच्या शेवटच्या बटणांखालीही तो असावा. पण बाजूच्या वळणाऱ्या भागात उतरता कामा नये, तिथे त्याला सुरकुती पडते. शक्यतो अखंड रिंग घ्या. २१ इंची पुढच्या चाकासाठी जुना २१ इंची रस्त्याचा टायर मिळाला तर सोनं. पट्टी कापून जोडायची वेळ आली तर दोन्ही टोकांनाही तसाच लांब उतार द्या, एकमेकांवर हातभर चढवा, आणि वरचं टोक चाकाच्या फिरण्याच्या उलट दिशेला तोंड करून ठेवा. टायरच्या आत, लायनरच्या दोन्ही अंगांना आणि ट्यूबवर फ्रेंच चॉक भरपूर शिंपडा. नसेल तर साधी टाल्कम पावडर. तिच्यामुळे ट्यूब घासत नाही, सरकते.

दोन चिरा शेजारी शेजारी, किंवा व्हॉल्वचं बूड फाटलेलं

ही दोन वेगळी लक्षणं आहेत आणि कारणंही वेगळी. पहिल्याच्या मागे बहुतेक वेळा कमी हवा असते.

जोडीने पडलेल्या चिरा म्हणजे बुंध्यावर किंवा दगडावर टायर आपटून ट्यूब रिमच्या कडेला चिमटली. यात स्टडचा दोष काही नाही. पण हिवाळ्यात हे जास्त का होतं ते बघा. मी घरच्या गॅरेजमध्ये २० अंश सेल्सिअसला १२ पीएसआय हवा भरली. ट्रेलवर उणे १५. हवा थंड झाली की दाब उतरतो, आणि तो उतरतो एकूण दाबाच्या प्रमाणात, गेजवर दिसतो त्याच्या प्रमाणात नव्हे. वातावरणाचा १४.७ धरून एकूण २६.७. तापमान केल्विनमध्ये २९३ वरून २५८ वर आलं, म्हणजे एकूण दाब २३.५ झाला. त्यातून १४.७ वजा करा. गेजवर उरले ८.८.

कारच्या ३५ पीएसआयच्या टायरमध्ये याच थंडीने सहाएक पीएसआय जातात, म्हणजे सहावा हिस्सा. आपल्या १२ च्या टायरमधून सव्वातीनच जातात, पण तो चौथा हिस्सा झाला. कमी हवेवर चालणाऱ्याला थंडी जास्त महाग पडते. त्यामुळे हवा ट्रेलवर पोचल्यावर, गाडी ट्रेलरवरून उतरवून अर्धा तास बाहेर राहिल्यावर, कमी दाबाच्या गेजने मोजायची. मी स्टड आणि लायनरसह बाहेरच्या थंडीत १३ ठेवतो. पकड स्टडमुळे मिळते आहे, हवा काढून मिळवायची गरज नाही. उन्हाळ्यातली वाळूची सवय इथे सोडावी लागते.

व्हॉल्वचं बूड फाटतं तेव्हा टायर रिमवर फिरलेला असतो आणि त्याने ट्यूबला सोबत ओढलेलं असतं. सैल वाळूत थ्रॉटल दिला की चाक नुसतं गरगरतं, जोर वाळूत जिरतो. स्टड बर्फ सोडत नाहीत. मग इंजिनचा सगळा जोर टायर आणि रिम यांच्या मधल्या जागेवर येतो. उन्हाळ्यात पुरणारा रिमलॉक, म्हणजे टायरची कड आतून रिमला दाबून धरणारा पकडा, इथे कमी पडतो. रिमलॉकचा नट राइडआधी आणि नवा टायर बसवल्यावर पहिल्या तासाभराने पुन्हा आवळा. रबर बसलं की तो हमखास सैल निघतो. मागच्या चाकाला मी आता दोन रिमलॉक लावतो. आणि व्हॉल्वचा छोटा नट रिमवर आवळू नका, तो वर टोपणाला भिडवून ठेवा. टायर सरकू लागला की व्हॉल्व तिरका झालेला डोळ्यांना दिसेल, फाटण्याआधी. नट खाली आवळलेला असेल तर व्हॉल्व सरळच दिसतो आणि आतून तुटतो.

रिमकडच्या अंगाला बारीक भोक असेल तर आऱ्यांची टोकं आणि रिमची पट्टी तपासा. टायर बसवल्यावर पहिल्याच रात्री हवा गेली तर बसवताना टॉमीने ट्यूब चिमटली आहे, तिथे दुसरं कारण शोधू नका. थंड टायर दगडासारखा असतो. तो आधी घरात दोन-तीन तास शेगडीजवळ ठेवा, साबणाचं पाणी लावा, ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा ठेवा.

हवा राहते, पण स्टड गळतात

ही दुसरी कायमची तक्रार. पन्नास किलोमीटरमध्ये वीस-तीस स्क्रू गेले, असं लोक सांगतात.

इथे तळं आणि ट्रेल यांचा फरक बोलतो. बर्फ शून्य अंशाजवळ मऊ असतो, मोसच्या कठीणतेच्या मापावर दीड. आमच्या ट्रेलवरची वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, कठीणता ७. तळ्यावर स्क्रूच्या डोक्याच्या कडा टिकतात. ट्रेलवर जिथे वाऱ्याने बर्फ उडालाय आणि गोठलेली वाळू उघडी पडली आहे, तिथे त्या कडा दोन राइडमध्ये गोल होतात. गोल डोकं बर्फात रुतत नाही, घसरतं. चाक जास्त फिरतं, आणि बुंधा आला की तो स्क्रूला तिरकं हिसकतो. दर वेळी भोक थोडं मोठं होतं, शेवटी स्क्रू रबराच्या चुऱ्यासह बाहेर येतो.

त्यामुळे मिश्र जमिनीवर राइड करणाऱ्याने टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे स्टड घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्बाइडची कठीणता ९ च्या आसपास, वाळूला ते दाद देत नाही. काही स्टड बाहेरून ड्रिलने फिरवून बसवतात. स्वीडन-फिनलंडकडच्या एंड्युरोच्या (जंगलवाटांवरच्या लांब शर्यतींच्या) टायरना रुंद बुडाचे स्टड आतून बाहेर घातलेले असतात, ते उपटून निघायला जागाच नसते. महाग आहेत खरे. पण मी स्क्रूवर, ट्यूबवर आणि वाया गेलेल्या शनिवारांवर घालवलेला पैसा मोजला तर फरक फारसा उरत नाही. फक्त गोठलेल्या तळ्यावर खेळायचं असेल तर मात्र स्क्रूच उत्तम. त्यांच्या कडा साफ बर्फावर फार सुंदर चावतात.

स्क्रूच वापरणार असाल तर बसवण्यावर लक्ष द्या. ड्रिलचा क्लच हलका ठेवा. डोकं बटणाला टेकलं की थांबा. पुढे फिरवत राहिलात तर स्क्रू जागच्या जागी फिरून रबराचे आटे खातो, वरून घट्ट दिसतो आणि पहिल्या बुंध्याला निघतो. तेल किंवा ग्रीस लावू नका, साबणाचं पाणी पुरे. टायर गरम खोलीत असताना मारा. मऊ रबराच्या टायरपेक्षा कडक जमिनीसाठीचा, जाड आणि ठेंगण्या बटणांचा टायर स्टडला चांगला धरतो, कारण मऊ बटण डुलतं आणि डुललं की भोक मोठं होतं. पहिली राइड सबुरीने करा, थ्रॉटल झटक्याने न देता, म्हणजे रबर स्टडभोवती बसतं. डांबरी रस्त्यावर एक किलोमीटरही नको. डांबरावर प्रत्येक स्टड दर फेरीला मुळापासून हलतो. ट्रेलच्या तोंडापर्यंत गाडी ट्रेलरवरच न्यायची.

गळालेल्या स्टडच्या जागी तोच स्टड परत घालू नका, तो धरणार नाही. त्याच बटणावर शेजारी जागा असेल तर तिथे नवा मारा, नसेल तर ते बटण सोडा.

ट्रेलवर हवा गेलीच तर

उणे १० ला पॅच मारायचा प्रयत्न करू नका. सोल्यूशन सुकत नाही, पॅच धरल्यासारखा वाटतो आणि सुटतो. पाठीवरच्या पिशवीत एक २१ इंची ट्यूब ठेवा. ती पुढे तर बसतेच, अडचणीत मागच्या १८ इंचीतही घालून घरी पोचता येतं. ट्यूब अंगाशी, जॅकेटच्या आतल्या बाजूला ठेवली तर लवचिक राहते. गॅसच्या छोट्या नळकांड्यांपेक्षा हातपंप बरा. नळकांडं रिकामं होताना इतकं थंड होतं की तोंडाशी बर्फ धरतो. आणि स्टडवाला टायर उघडताना जाड चामड्याचे हातमोजे घालाच.

हातांवरून आठवलं. गाडी पडली आणि इंजिन चालू असेल तर फिरतं चाक म्हणजे करवत आहे. एका सोबत्याच्या पायावर पडलेली गाडी उचलायला मी धावलो तेव्हा मागचं चाक अजून फिरत होतं आणि माझ्या पँटची कड त्यात गेली. कापडावरच निभावलं. त्या दिवसापासून मनगटाला दोरीने बांधलेला किल स्विच (माणूस पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद करणारा) लावल्याशिवाय मी स्टड लावलेली गाडी सुरू करत नाही, आणि माझ्यासोबत येणाऱ्यालाही करू देत नाही. मडगार्ड, साखळीचं कव्हर, पुढच्या ब्रेकची नळी यांच्यापासून स्टड किती अंतरावर फिरतात तेही पहिल्यांदा हाताने चाक फिरवून बघा, सस्पेन्शन पूर्ण दाबून. पुढच्याच्या मागे चिकटून चालवू नका, गळालेला स्क्रू गोटीसारखा येतो.

तळ्यावर उतरणार असाल तर बर्फ स्वतः भोक पाडून मोजा. शेजारच्या मिनेसोटाचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फासाठी माणसाला ४ इंच आणि स्नोमोबिलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीला, ५ ते ७ इंच सांगतं. पांढुरका, बर्फवृष्टीतून झालेला थर असेल तर दुप्पट धरायचा. १ डिसेंबर ते ३१ मार्च हा इथे स्नोमोबिलच्या वाटांचा मोसम असतो. स्नोमोबिलसाठी सपाट करून ठेवलेल्या वाटेवर स्टडवाली गाडी घालू नये.

पुण्या-मुंबईहून जानेवारीत स्पितीला जाणारे मित्र विचारतात, हेच स्क्रू आमच्या टायरला मारू का? मारू नका. हिमालयन ४११ सारख्या गाडीच्या टायरची बटणं उथळ असतात. वरचा सगळा हिशेब करून बघा, कुठलाही धरणारा स्क्रू त्यात ट्यूबपर्यंत पोचतो. शिवाय तिथे रस्ता दर वळणाला बदलतो, सावलीत काळा बर्फ आणि उन्हात कोरडं डांबर. डांबराच्या वळणावर पोलादी डोक्यांवर उभी असलेली लादलेली गाडी मला विचारातही नको वाटते. तिथे चाकाला गुंडाळायच्या साखळ्या न्या. त्या बर्फापुरत्या चढवता येतात आणि उतरवता येतात.

एप्रिलमध्ये मी स्टडचे दोन्ही टायर रिमवरून काढतो, लायनर बाहेर काढून पुसतो आणि दोन्ही वेगवेगळे टांगून ठेवतो. आत राहिलेल्या ओलाव्याने स्क्रूची टोकं गंजतात, आणि गंजलेलं टोक लायनरला स्वच्छ टोकापेक्षा जास्त खातं. नोव्हेंबरच्या शेवटी बसवण्याआधी कापसाचा बोळा टायरच्या पोटातून एक फेरी फिरवतो. गेल्या नोव्हेंबरात तो एकाच ठिकाणी अडकला, पुढच्या टायरला, साधारण सातच्या जागी. तो स्क्रू काढून टाकला आणि त्या बटणावर दुसरा मारला नाही.